रंध्याची तक्रार

नोकरीत मोठी म्हणावीत अशी प्रकरणं बरीच हाताळली. त्यातली अर्धीअधिक आता कागद समोर असल्याशिवाय धड सांगता यायची नाहीत. पण मंगळवार पेठेतल्या एका म्हाताऱ्या सुतारानं एका रंध्यासाठी दिलेली तक्रार अजून जशीच्या तशी आठवते. त्यात कुणाला शिक्षा झाली नाही, मला शाबासकी मिळाली नाही आणि पेपरात एक ओळही आली नाही.

त्या वेळी मी शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. दुपारी ठाण्यात दोन तऱ्हेची माणसं येतात. ज्यांचं खरंच काहीतरी गेलेलं असतं ती, आणि ज्यांना घरी करमत नाही ती. अनुभवी ठाणे अंमलदार चेहऱ्यावरून ओळखतो आणि दुसऱ्या तऱ्हेच्या माणसाला बाकावर बसवून ठेवतो. हा म्हातारा बराच वेळ बाकावरच होता. शेवटी अंमलदारानं विचारलं, "बोला पावणं, काय गेलंय?"

"हत्यारं गेल्यात."

अंमलदार ताठ झाला. "कसली हत्यारं?"

"सुताराची. वाकस, पटाशा, करवत. आणि मोठा रंधा."

अंमलदार पुन्हा खुर्चीला टेकला. "कवा गेली?"

"झालं की दोन-तीन महिनं."

"आणि आत्ता सांगाय आलाय व्हय?"

आतून मी हे ऐकत होतो. उशिरा आलेल्या तक्रारीकडे पोलीस नेहमीच संशयानं पाहतात. दोन-तीन महिने गप्प बसलेला माणूस अचानक का उठला, हा प्रश्न चोरीपेक्षा मोठा असतो. मी त्यांना आत बोलावलं. पेठेत सगळे त्यांना चाचा म्हणायचे, मीही तसंच म्हणू लागलो.

चाचांनी खिशातून मोबाईल काढला. त्यांच्या दुकानासमोरच्या हार्डवेअरवाल्याला इंटरनेटवर जुन्या वस्तूंच्या विक्रीची एक जाहिरात दिसली होती, ती त्यानं चाचांना पाठवली होती. फोटोत लांबलचक लाकडी रंधा होता. लाकूड तासून सपाट करायचं हत्यार, सगळ्यांनी पाहिलेलं असतं, पण हा नेहमीच्या रंध्यापेक्षा बराच मोठा होता. खाली लिहिलं होतं: जुना दुर्मिळ रंधा. पुढच्या बाजूला भोक पडल्यामुळे थोडा खराब. शोभेसाठी उत्तम.

चाचांनी नेमकं 'खराब' या शब्दावर बोट ठेवलं. "हे बघा साहेब. हे असं लिव्हलंय."

माणसाची वस्तू चोरीला जाते आणि त्याला राग येतो तो तिच्या वर्णनाचा, हे मला नवीन होतं. मी लगेच गुन्हा दाखल केला नाही. अर्ज घेतला आणि चौकशी सुरू केली.

दुकान पाहायला मी हवालदाराला घेऊन स्वतः गेलो. गल्लीच्या टोकाला पत्र्याची एक खोली. चाचा आणि त्यांचे भागीदार, ज्यांना ते आण्णा म्हणत, दोघांनी उभा जन्म तिथं दारं, खाटा आणि कपाटं बनवली. आण्णा वारले. त्यानंतर चाचांनी नवीन काम घेतलं नव्हतं. तरी रोज सकाळी दुकान उघडून बसायचे. फरशी झाडलेली होती आणि लाकडाचा भुसा औषधालाही नव्हता. सुताराच्या दुकानात इतकी स्वच्छता मला बरी वाटली नाही.

कुलूप तोडलेलं नव्हतं. चावी चौकटीवर असायची, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. कोपऱ्यात लाकडी पेटी होती. चाचांनी झाकण उघडलं आणि माझं लक्ष एका गोष्टीकडे गेलं. पेटी पूर्ण रिकामी नव्हती. निम्मी हत्यारं जागच्या जागी होती.

"ही कुणाची?"

"माझी."

"आणि गेली ती?"

"आण्णाची."

आता चोर निवड करत बसत नाही. त्यानं पेटीच उचलली असती, नाहीतर जी हाताला लागतील ती नेली असती. एकाच पेटीत शेजारी शेजारी पडलेल्या, जवळपास सारख्या दिसणाऱ्या पटाश्यांतून एकाच माणसाच्या तेवढ्या उचलायला त्या ओळखता याव्या लागतात. हे काम ओळखीच्याचं होतं. मी चाचांना विचारलं, "संशय कुणावर?"

"कुणावर न्हाय."

"चाचा, खरं सांगा."

"न्हाय म्हटलं की साहेब." आणि ते पेटीचं झाकण पुसू लागले. त्यांना खोटं बोलायची अजिबात सवय नव्हती.

पुढचं काम सोपं होतं. जाहिरातीतल्या नंबरवर आमच्या हवालदारानं फोन केला. आपण हायवेला हॉटेल टाकतोय, भिंतीवर लावायला जुन्या वस्तू हव्यात, असं सांगितलं. हवालदाराला नाटकाची हौस होती. त्यानं हॉटेलच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचंसुद्धा वर्णन करून टाकलं. विकणाऱ्यानं इचलकरंजीला बोलावलं. तिथल्या ठाण्याला कळवून आम्ही साध्या वेशात गेलो. यंत्रमागाची पाळी सुटल्यावर तिशी ओलांडलेला एक माणूस पोत्यात रंधा गुंडाळून आला. केसांत कापसाचे तंतू होते. आम्ही पोलीस आहोत म्हटल्यावर पळाला नाही. एवढंच म्हणाला, "चाचांनी तक्रार दिली?"

तो आण्णांचा मुलगा होता.

ठाण्यात आणून त्याला समोर बसवलं. आवाज चढवायची गरज पडली नाही.

"हत्यारं माझ्या बापाची हायत साहेब. दुसऱ्याच्या एका खिळ्याला हात लावला न्हाय."

"कशावरून बापाची?"

"बाप डावरा होता. त्याच्या मुठी उलट्या बाजूनं झिजल्यात." मग म्हणाला, "आणि खंडेनवमीला पूजा झाली की दोघांची हत्यारं पेटीत लावायचं काम माझंच असायचं. डावीकडं आण्णांची, उजवीकडं चाचांची. डोळं झाकून लावीन."

"मग मागून का नाही नेलीस? चाचा नाही म्हणाले असते?"

"बाराव्यानंतर त्यांच्याकडं गेलोच न्हाय. आधी पाळी होती, मग उद्या जाऊ म्हटलं, मग लाज वाटाय लागली. कुठल्या तोंडानं जाणार होतो? शुक्रवारी ते नमाजला गेल्यावर घेऊन आलो."

विकायच्या आधी त्यानं प्रत्येक हत्याराची माहिती काढली होती, कारण नाव आणि उपयोग नीट लिहिला की गिऱ्हाईक लवकर मिळतं. पटाशी, वाकस, गिरमिट त्याला ठाऊकच होतं. अडलं ते या मोठ्या रंध्यापाशी. पुढच्या टोकाला आरपार भोक होतं. जुन्या वस्तूंच्या शौकिनांच्या मोबाईल ग्रुपवर त्यानं फोटो टाकला. एक म्हणाला कीड लागली असेल, दुसरा म्हणाला खुंटीला टांगायला असेल. शेवटी यानं 'खराब' लिहून टाकलं. मी स्वतः तो रंधा हातात घेऊन पाहिला, मलाही ते भोक मोडतोडीचंच वाटलं.

मी चाचांना बोलावून घेतलं. ते आले आणि मुलाकडे बघून म्हणाले, "वाळलास रं."

मुलानं उठून आपली खुर्ची त्यांना दिली.

"चाचा," मी म्हणालो, "हत्यारं आण्णांची, म्हणजे वारसानं याची. मग तक्रार कशाची?"

"बाकीची त्याचीच. न्यायला मी कवा न्हाय म्हटलो? दुकान उघडलं, पेटी बघितली, तवाच कळलं कुणी नेल्यात ते. दोन-तीन महिनं गप बसलो की." मग त्यांनी रंध्यावर हात ठेवला. "ह्यो एकट्या आण्णाचा न्हाय. दोघांचा हाय."

"डाव्या बाजूला असायचा," मुलगा हळूच म्हणाला.

"उजवीकडं मावत नव्हता म्हणून."

त्यांनी अंमलदाराकडे सुतळी मागितली, तीन पदर वळून त्या भोकातून ओवली आणि पुढं गाठ मारली. रंध्याचं पातं मी आधीच काढून ठेवायला लावलं होतं. माझ्या टेबलावर रंधा ठेवून चाचा समोरच्या बाजूला बसले, दोर दोन्ही हातांत धरला आणि मुलाला म्हणाले, "मागं उभा ऱ्हा. दाब."

मुलानं मागची मूठ धरली. चाचांनी दोर ओढला आणि रंधा टेबलाच्या या टोकाकडून त्या टोकाला गेला. पहिल्यांदा वाकडा, मग सरळ. जाड, गाठाळ लाकूड असलं की मोठा रंधा एकट्याच्यानं चालत नाही. मागचा दाबतो, पुढचा ओढतो. मागच्याचं लक्ष लाकडाकडे असतं. पुढचा समोर बसून मागच्याचा चेहरा बघत असतो, कारण केव्हा ओढायचं ते त्याला तिथूनच कळतं. चाचांनी अख्खी उमर आण्णांच्या चेहऱ्याकडे बघत दोर ओढला होता. आता तसेच ते मुलाकडे बघत होते. मुलगा बापासारखा दिसत होता की नाही मला ठाऊक नाही. पण चाचांनी मध्येच दोर सोडून दिला आणि डोळे पुसले.

"ते भोक माझं हाय साहेब," ते म्हणाले. "ते खराब म्हणून लिव्हलं म्हणून मी आलो. न्हायतर आलो नसतो."

नाटकी हवालदारानं सुटलेला दोर उचलून रंध्यावर ठेवला.

मुलगा म्हणाला, "चाचा, रंधा तुमी ठेवा. मी दुकानात आणून देतो."

"ठेवून काय करू? समोर कोण हाय?" चाचा म्हणाले. "तू वीक. माझं कायबी म्हणणं न्हाय. पण काय हाय ते तरी नीट लिही."

मुलानं तिथंच मोबाईल काढला. चाचा सांगत गेले आणि तो लिहीत गेला: दोन माणसांचा रंधा. पुढे दोर ओवायचे भोक आहे. एकट्याने चालत नाही.

"असं लिव्हल्यावर कोण घेणार चाचा?"

"न घेना का."

तक्रार नाही असा जबाब चाचांनी दिला, मी अर्ज निकाली काढला आणि मुलगा रंधा पोत्यात गुंडाळून इचलकरंजीला गेला. जाताना चाचांच्या पाया पडला, येतो म्हणाला. आला की नाही हे मी विचारलं नाही. चाचा मात्र संध्याकाळपर्यंत बाकावर बसून होते. अंमलदारानं त्यांना दोनदा चहा पाजला आणि उठा म्हणाला नाही.

या प्रकरणानंतर मी एक सवय लावून घेतली. तक्रारदाराला काय गेलं हे विचारून झालं की, तुम्हाला काय हवंय, हेही विचारायचं. दोन्ही उत्तरं सारखी नसतात. कनिष्ठांनाही मी हे सांगत आलो. काहींनी मनावर घेतलं, काही हसले.

निवृत्तीनंतर एकदा गडहिंग्लजहून परत येताना रस्त्यावरच्या एका हॉटेलात जेवायला थांबलो. भिंतीवर जुन्या वस्तू लावल्या होत्या. पितळी कंदील, बैलाच्या घुंगरमाळा आणि मधोमध तो मोठा रंधा. भोकात नवा कोरा दोर होता. खाली पाटीवर मुलानं लिहिलेलीच ओळ होती, शब्दही बदललेला नव्हता. पोरंपोरी तिच्यासमोर फोटो काढत होती. मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मंगळवार पेठेत गेलो. चाचा दुकानात बसले होते, आणखी वाकले होते. मी पाहिलेलं सगळं सांगितलं.

"भोकात दोर हाय?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"पाटीवर बराबर लिव्हलंय?"

"तुम्ही सांगितलं होतं तसंच."

"आणि समोर काय हाय?"

"टेबलं आहेत. लोक जेवायला बसतात समोरासमोर."

चाचांनी मान हलवली. "मग बरं हाय की त्याचं," ते म्हणाले.

ते आतून दुसरं स्टूल घेऊन आले आणि आपल्या समोर ठेवलं. मी बसलो. माझी बायको जाऊनही तेव्हा बरेच दिवस झाले होते आणि घरी जायची मला घाई नव्हती.