करणारा आणि खाणारा

ऐंशीच्या दशकात मी गोंडपिपरीकडच्या एका खेड्यात मास्तर होतो. तिथल्या तलावात ठरलेल्या दिवशी सगळ्या गावाने मिळून उतरायचे, त्याआधी कोणी जाळे टाकायचे नाही, असा रिवाज होता. जो मोडेल त्याने त्या दिवशी काठावर बसून इतरांच्या टोपल्या सांभाळायच्या. गुन्हेगार दोघे निघाले तर अर्धा-अर्धा दिवस.

एका वर्षी एका मासेमार बाईने आधीच जाळे टाकले आणि भली मोठी मासोळी आमच्या हेडमास्तरांना नेऊन दिली. पोरीला शाळेत नीट सांभाळतात म्हणून. हेडमास्तरांनी तिचा मान काट्यांपर्यंत राखला. मी त्या दिवशी तालुक्याला गेलो होतो, एवढ्यावरच माझे चारित्र्य टिकले.

बैठक बसली. बाईने लगेच कबूल केले. जाळे फेकण्यात गावात तिचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि वर्षभर ती या एका दिवसाची वाट बघे.

"खानाराबी काठावर बसते, गुरुजी," म्हातारे पंच म्हणाले. "तुमी बसले त हिले अर्धा दिवस तरी भेटते."

हेडमास्तर उभे राहिले. बसून त्यांना बोलता येत नसे.

"गुन्हेगार हा शब्द फारसीतून आला. गुनाह म्हणजे अपराध, गार म्हणजे करणारा. करणारा. खाणारा नव्हे."

व्युत्पत्ती बिनचूक होती. तिच्या आधाराने ते सुटत होते आणि बाईचा पूर्ण दिवस जात होता. ती मान खाली घालून गवताची काडी मोडत बसली.

मागून एका म्हातारीने विचारले, "गुरुजी, हे फारसीवाले आपल्या तलावात उतरत होते का?"

"नाही."

"मंग त्याईले इथला कायदा काऊन ठाऊक राहीन?"

बैठक हसली. हेडमास्तरही थोडे हसले, मग बाईकडे बघून म्हणाले, "सकाळी मी बसतो."

ठरल्या दिवशी ते छत्री उघडून टोपल्यांमध्ये बसले. काठावरच्या म्हाताऱ्यांना त्यांनी गुन्हेगार उलगडून सांगितला आणि मग अपराधी हाती घेतला. संस्कृतात अपराध म्हणजे मुळात नेम चुकणे, बाण लक्ष्यावर न लागणे, असे ते सांगत होते. तेवढ्यात दुपार झाली आणि बाई निथळत वर आली.

"उठा गुरुजी. आता माही पाळी."

"थांब, बाण अजून हवेत आहे," ते म्हणाले.

ती थोडा वेळ थांबली. मग माझ्याकडे बघून तिने डोळे मिचकावले आणि जाळे खांद्यावर टाकून ती परत पाण्यात गेली. हेडमास्तर उठले तेव्हा उन्हे कलली होती आणि तलाव रिकामा झाला होता.