अकरा लिटरमध्ये घाट

माझा नवरा ओनेलियो बाराकोआ गावात गाड्या दुरुस्त करायचा. त्याची स्वतःची सत्तावन्न सालची शेवरोले होती, आठ सिलिंडरची. शेजारच्या नेरियोकडे एकोणपन्नासची प्लिमथ, सहा सिलिंडरची. दोघांचा वीस वर्षं एकच वाद. ला फारोलाचा घाट शेवरोले पाऊण तासात चढायची. प्लिमथला दोन तास लागायचे, पण पेट्रोल ती निम्मंच प्यायची.

"तुझी म्हातारी वर येईस्तोवर माझी कॉफी पिऊन होते," ओनेलियो म्हणायचा.

"पी की. परतायला पेट्रोल मात्र माझ्याकडेच मागशील," नेरियो म्हणायचा.

त्र्याण्णव साली पेट्रोलच मिळेनासं झालं. त्या ऑगस्टमध्ये नेरियोची बायको सोराईदा पोट धरून लोळायला लागली. डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्स आहे, ऑपरेशन ग्वांतानामोलाच होईल. रुग्णवाहिकेची टाकी कोरडी होती. दीडशे किलोमीटर, आणि मधे घाट. दोन्ही गाड्यांच्या टाक्या उपसल्या, घरातल्या बाटल्या निथळल्या, तेव्हा अकरा लिटर जमलं.

"तूच सांग," नेरियो म्हणाला. "कुठली नेऊ?"

ओनेलियोने आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्याच्या गाडीची बाजू घेतली. "माझी अर्ध्या वाटेत बंद पडेल. तुझी पोचेल. तुझीच ने."

सोराईदाचं डोकं माझ्या मांडीवर होतं. चढावर इंजिन उकळलं की थांबायचं, निवायची वाट बघायची, पाणी ओतायचं, पुन्हा निघायचं. असं पाच वेळा झालं. ओनेलियो खाली उतरून मागून ढकलत होता. तिसऱ्या थांब्यानंतर सोराईदाचं कण्हणं बंद झालं आणि अंग तापलं. उतारावर नेरियोने पेट्रोल वाचवायला इंजिनच बंद केलं. ग्वांतानामोला पोचायला साडेसात तास लागले. ऑपरेशन झालं, पण ती पहाटे गेली. तीन तास आधी आणली असती तर वाचली असती, असं तिथल्या डॉक्टरने नेरियोला तोंडावर सांगितलं.

त्यानंतर नेरियो रोज आमच्या ओट्यावर येऊन बसायचा आणि तेच विचारायचा. शेवरोले नेली असती तर? ओनेलियोला झोप लागेना, जेवण जाईना.

पुढच्या वर्षी कुठूनतरी ओनेलियोने पेट्रोल मिळवलं. अकरा लिटर मोजून शेवरोलेच्या टाकीत घातलं आणि मला शेजारी बसवलं. घाट पाऊण तासात चढलो. उतरून समुद्रकिनाऱ्याला लागलो, आणि अर्ध्या वाटेवर, इमियास गावाच्या अलीकडे गाडी शांत झाली. घड्याळात दोन तासही झाले नव्हते. आम्ही कडेला गाडीतच बसून राहिलो. तासाभरात ग्वांतानामोकडे तीन ट्रक गेले. तिसऱ्याने तर स्वतःहून थांबून विचारलं, येताय का म्हणून. ओनेलियोने मान हलवून नको म्हटलं, आणि ट्रक गेल्यावर स्टिअरिंगवर डोकं टेकलं. आपला नवरा असा हुंदके देताना मी कधी पाहिला नव्हता.

रात्री एका परतणाऱ्या ट्रकमागे दोर बांधून गाडी घरी आणली. दुसऱ्या दिवशी नेरियोने विचारलं, कुठे गेला होतात.

"बघायला गेलो होतो," ओनेलियो म्हणाला. "माथ्याच्या सहा किलोमीटर खालीच संपलं. वर चढलीच नाही."

नेरियो माझ्याकडे वळला. मी मान डोलावली. त्याने चेहरा हातात घेतला आणि म्हणाला, बरं झालं, म्हातारीच नेली.

त्यानंतर त्याने पुन्हा कधी विचारलं नाही. ओनेलियोने आठवडाभरात शेवरोलेचं इंजिन सुटं करून विकून टाकलं. कोणी कारण विचारलं की सांगायचा, चढावर दम नव्हता तिच्यात.