कोपऱ्यावरच्या नळाची सुनावणी

सोलापूरला मी आले ती वैरागहून, एक पत्र्याची पेटी आणि आईनं फडक्यात बांधून दिलेल्या कडक भाकऱ्या घेऊन. नेमणूक झाली होती पालिकेच्या लोकपालांच्या कार्यालयात, लिपिक म्हणून. लोकपाल म्हणजे नेमकं काय, हे मला तिथं गेल्यावरच कळलं. नळाला पाणी नाही, गटार तुंबलंय, दाखल्यावर नाव चुकलंय, आणि खेटे घालूनही कुणी दाद देत नाही, असं झालं की माणसानं शेवटी ज्या दारात जायचं ते दार.

साहेब निवृत्त न्यायाधीश होते. पालिकेच्या पगारी नोकरांतले नव्हते, म्हणून पालिकेला प्रश्न विचारू शकत. हुकूम सोडायचा अधिकार मात्र त्यांना नव्हता. दोन्ही बाजू ऐकायच्या, चौकशी करायची आणि शिफारस लिहायची, एवढंच हाती. लोकांना 'लोकपाल' शब्द जड जायचा. ते 'तक्रारवाले साहेब' म्हणत.

आमची खोली जिन्याखाली होती. खिडकीतून पाण्याचे टँकर उभे राहायचे ते आवार दिसायचं आणि डिझेलचा वास दिवसभर आत यायचा. आज कुठं टँकर शेजारून गेला तरी मला ती खोली आठवते, कापडी पाठीच्या लाकडी खुर्चीत बसलेले साहेब आठवतात. कुणी अर्ज पुढं केला की ते तो बाजूला ठेवत. "हे मी वाचीन नंतर. आधी तुम्ही सांगा." मग माणूस आजोबांपासून सुरुवात करायचा. मी चुळबुळ करायचे, साहेब नाही. सगळं ऐकून झाल्यावर विचारायचे, "आता काय झालं म्हणजे तुम्हाला बरं वाटेल?" त्यावर कितीतरी लोक पुन्हा आपल्या अर्जाकडेच बघायचे. तक्रार घेऊन आलेले असायचे, पुढचं ठरवलेलंच नसायचं.

एका उन्हाळ्यात विणकरांच्या वस्तीतून एक म्हातारी आली. घरी तेलुगू बोलणारी, कपाळाला मोठं कुंकू, हाताला कापसाचे बारीक तंतू चिकटलेले. आयुष्यभर चादरीच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या, म्हणाली.

"साहेब, आमच्या गल्लीच्या कोपऱ्याला नळ हाय. सरकारी. तो काडतात म्हणं. काडू नका."

"तुमच्या घरी नळ नाही का?"

"हाय की."

"मग?"

"हाय, पन काय की, बगा…" तिला पुढं मराठीत सांगता येईना. तेलुगूत काहीतरी पुटपुटली आणि डोळ्याला पदर लावला. साहेबांनी मला चहा सांगायला लावला.

गंमत अशी, की त्याच आठवड्यात त्याच नळाबद्दल दुसरा अर्ज आला. नळासमोर राहणाऱ्या शिंप्याचा. तो दखनीत बोलायचा. "साहेब, मेरे दरवाजे में चिखलच चिखल. मच्छर. सुबह से बायका लोगों का भांडण. मशीन पे बैठना मुश्किल. ये नल निकालो बोल के मैंच लिखा."

पाणीपुरवठा विभागाचं उत्तर आलं ते सरळ होतं. गल्लीतल्या प्रत्येक घरात जोडणी आहे, सार्वजनिक नळाची गरज उरलेली नाही, तो बंद करण्यात येत आहे. खालची सही एका तरुण अभियंत्याची. नियमाला धरून होतं. मला वाटलं, म्हातारीचं काम काही होत नाही.

साहेबांनी मात्र विचारलं, "त्या गल्लीत पाणी कोणत्या वारी येतं?"

त्यावेळीही शहरात पाणी रोज येत नसे. पाणी यायच्या दिवशी सकाळी आम्ही तिघं तिथं गेलो. साहेब, तो अभियंता आणि मी. गल्ली चढाची होती. नळ तळाला, घरं वर चढत गेलेली. नळाभोवती घागरी, कळश्या, प्लास्टिकचे पिंप, आणि एकीकडं मागाचा खडखडाट चालू. म्हातारी एका नव्या सुनेला घागर उचलून देत होती. आणि रांगेत, दोन्ही हातांत बादल्या घेऊन, शिंपी उभा.

साहेबांना पाहून तो गोरामोरा झाला. बायका इतक्या हसल्या की मागाचा आवाजही ऐकू येईना.

"अहो, तुम्हीच तर हा नळ काढा म्हणालात," साहेब म्हणाले.

"हौ साहेब. पण मेरे घर के नल को पानीच नहीं आता. आजू-बाजू के लोग मोटर लगा के खींच लेते." त्यानं बादल्या खाली ठेवल्या. "मेरी तक्रार चिखल की है. चिखल जावो, नल रहने दो."

म्हातारी लगेच पुढं आली. "मी पन त्येच म्हनत होते! घरात नळ हाय, पानी न्हाय!" त्या दिवशी खोलीत तिला जे सांगता आलं नव्हतं, ते गल्लीत उभी राहून एका वाक्यात सांगून मोकळी झाली.

अभियंता खाली पाहत होता. साहेब त्याला लोकांसमोर एक शब्द बोलले नाहीत. त्याला घेऊन चढ चढून वर गेले, एका घरातली तोटी सोडायला लावली. फुस्स करून हवा आली, मग तीही थांबली. "कागदावर जोडणी आहे सर," तो हळूच म्हणाला. साहेब म्हणाले, "आहे ना. आता पाणीही यावं, असं बघू." परत येताना रिक्षात अभियंत्यानं सांगितलं की त्याच्याकडं एवढी वस्ती आहे की प्रत्येक ठिकाणी जाणं होत नाही. साहेबांनी तेही शिफारशीत लिहिलं, की या माणसाला मदतनीस द्या.

शिफारस मी टंकली. वरच्या घरांपर्यंत पाणी चढेपर्यंत नळ काढू नये. नळाखाली फरशी आणि सांडपाण्याला नाली करावी. मोटर लावणाऱ्यांना समज द्यावी. नळ राहिला, पण नालीसाठी पावसाळा गेला, दिवाळी गेली. साहेब न चिडता स्मरणपत्र लिहायला सांगायचे. "शिफारस म्हणजे पेरणी नव्हे की एकदा टाकली आणि घरी गेलो," म्हणायचे. थंडीत एकदाचे गवंडी आले.

मधल्या काळात म्हातारीनं एकदा शेंगाचटणी आणली होती, डब्यात गच्च दाबून. साहेबांनी हात जोडून परत केली. "प्रकरण चालू आहे, मला चालत नाही." ती इतकी रुसली की डबा घेऊन तरातरा गेली. मी मागं धावले. जिन्यात मला म्हणाली, "तू तरी खा की. एकटी ऱ्हातीस ना हितं?" पण मीही डबा घेऊ शकले नाही. नाली झाली, प्रकरण बंद झालं, साहेबांची मुदतही संपली आणि मग त्यांच्या शेवटच्या दिवशी ती तोच डबा घेऊन आली. त्या दिवशी साहेबांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, आम्ही सगळ्यांनी भाकरी-चटणी खाल्ली. तिखटानं साहेबांच्या डोळ्यांतून पाणी काढलं आणि ती टाळ्या वाजवून हसली.

नंतर ती खुर्ची बरीच वर्षं रिकामी राहिली. माझी बदली दुसऱ्या विभागात झाली. आता तक्रार मोबाइलवर करतात. फोटो टाकला की क्रमांक येतो, काही दिवसांनी 'निकाली' असा संदेश येतो. खोटं कशाला बोलू, पुष्कळ कामं खरोखरच लवकर होतात. जिन्याखालच्या खोलीत बसायला कुणाला आता वेळही नाही. तरी संदेश वाचताना मला वाटतं, कुणीतरी विचारायला हवं होतं, काय झालं म्हणजे बरं वाटेल?

मागच्या वर्षी एका लग्नपत्रिकेच्या निमित्तानं मी त्या गल्लीत गेले. रस्ता सिमेंटचा झालाय, जाड नवी जलवाहिनी पडलीय, वरच्या घरांनाही पाणी चढतं. नळ काढून टाकलाय. माग पुष्कळसे बंद. शिंपी ओसरीवर मशीन घेऊन बसला होता, दाढी पांढरी झालेली. मी ओळख सांगितली तशी त्यानं चष्मा वर केला आणि आत हाक मारून चहा सांगितला.

"वो नलवाले अम्मा गए लेकी के पास, भिवंडी," तो म्हणाला. "वहाँ करमता नहीं बोलते. फोन करते मेरे को. हर बार एकच सवाल करते, आज गल्ली में कौन कौन आया था?"

"आणि तुम्ही काय सांगता?"

"अब कोई बाहेर निकलताच नहीं ना. फिर बी दो-चार नाम बोल देता." तो हसला आणि दोरा दातानं तोडला. "आज तुम्हारा नाम बोलूंगा."

मी चहा घेतला, पत्रिका द्यायचं घर विचारलं आणि निघाले. तो पायरीपर्यंत आला आणि हातानं वळण दाखवत, मी वळेपर्यंत तिथंच उभा राहिला.