चार मुकादमांची रोवणी

माझं शिक्षण चौथीपर्यंत. धानाच्या रोवणीची टोळी मात्र मी तीस वर्षं चालवली. चौदा बाया, आणि गावातल्या प्रत्येकाला आपली बांधी, म्हणजे बांध घातलेला धानाचा तुकडा, आधी रोवून हवी. गुडघे गेले तेव्हा माझं चिखलात उतरणं बंद झालं. टोळी मोडणार, असं सगळे म्हणाले.

माझी सून मोहाडीला कॉम्प्युटरच्या दुकानात काम करते. तिने फोनवर एआयचे चार एजंट बसवले. एक शेतकऱ्यांची मागणी घेऊन दिवस देई, दुसरा ट्रॅक्टरवाल्याशी रोवणीआधीची चिखलणी ठरवी, तिसरा पावसाकडे बघून दिवस बदली आणि चौथा रोज पहाटे बायांना कुठे जायचं ते कळवी.

"आई, हे आपापलं करतात. सांगाले लागत नाही," सून म्हणाली.

"पाहू," मी म्हटलं.

आमच्यात एक रीत आहे. टोळीतल्या बाईच्या स्वतःच्या शेतावर सगळ्या मिळून जातात. त्यासाठी ती कधी मागत नाही. तिची रोपं, म्हणजे पऱ्हे, पाहून आपणच दिवस धरायचा. दिवस देणाऱ्या एजंटला हे कुणी सांगितलंच नव्हतं. तो मागणाऱ्यालाच दिवस देत होता. रस्त्याकडच्या मोठ्या शेतकऱ्याने तीनदा फोन केला, त्याला तीन दिवस मिळाले.

टोळीतली एक बाई एकटी राहते. दोन बांध्यांच्या धानावर तिचं वर्ष निघतं. मी तिच्या शेताकडे गेले तर पऱ्हे पिवळे पडायला लागलेले. अजून आठवडा गेला असता तर त्यांना फुटवेच आले नसते.

"काहून बोलली नाही वं?"

"मावशी, टोळीले का मागाव लागते?"

मी घरी आले आणि सुनेला समोर बसवलं. "हे चौघं मुकादम होऊन राहिले. टोळीत मुकादम एकच असते. एकाले मुख्य कर. बाकीच्यायनं त्याले विचारल्याबिगर दिवस द्याचा नाही, का हलवाचा नाही. यादी एकच. त्यात आधी चौदा बायांचे पऱ्हे कवा टाकले ते लिव. मागो का न मागो."

सुनेला तासभर लागला. लगेच यादी फिरली. दुसऱ्या दिवशीची चिखलणी आणि रोवणी त्या एकट्या बाईच्या शेतावर लागली. संध्याकाळी मोठा शेतकरी दारात.

"उद्याचा दिवस माहा होता! मशीननं देला."

"मशीननंच काढला."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"माह्या."

"तुम्ही तं चौथी पास!"

"मशीन तं शाळेतच नाही गेली."

बाहेर उभ्या बाया फिसकन हसल्या. तो पाय आपटत गेला. चौथ्या दिवशी त्याचीही रोवणी झाली, एकही बांधी राहिली नाही.

त्या एकट्या बाईच्या रोवणीच्या सकाळी मी बांधावर खुर्ची टाकून बसले होते. ट्रॅक्टर वेळेवर, बाया वेळेवर. दुपारच्या जेवणाआधी दोन्ही बांध्या हिरव्या झाल्या. त्या हंगामात चौदाही बायांचे पऱ्हे वेळेत लागले. मी चिखलात होते तेव्हाही हे कधी जमलं नव्हतं.

कापणीनंतर ती बाई टोपलंभर धान घेऊन माझ्याकडे आली. मी परत केलं.

"बियाण्याले ठेव. अन् पुढच्या साली पऱ्हे टाकशीन त्याच दिवशी मले सांग. मशीनले तारीख लागते."