पाळण्याची कडी

द्वारकाबाईंनी घरात अभद्र शब्द कधी तोंडातून काढला नाही. वास्तू सारखी तथास्तु म्हणत असते, कुठला शब्द उचलेल नेम नाही, ही सासूची शिकवण. डब्यातलं मीठ संपलं तरी त्या ‘मीठ वाढलं’ म्हणायच्या. काही वाईट बोलायचंच असेल तर चपला घालून अंगणात जायच्या.

त्यांचे मालक महारुद्र साखर कारखान्यातून निवृत्त झाले आणि त्यांनी तेर गाव सोडून धाराशिवच्या कडेला घर बांधलं. कालपरवापर्यंत तिथं ज्वारी उभी असायची. जुन्या लोकांनी गावं पांढरीवर, घट्ट पांढऱ्या मातीवर वसवली ती काय उगाच? काळी माती उन्हात भेगाळते, पावसात फुगते. पण प्लॉट विकणाऱ्याला हे विचारतो कोण, आणि विचारलं तर सांगतो कोण!

स्लॅब पडताना बाईंनी आतल्या खोलीत पाळण्यासाठी कडी टाकून घेतली. तेव्हा लेकीचं, शिवांजलीचं, लग्नसुद्धा ठरलं नव्हतं. मिस्त्री हसला, बाई हसल्या नाहीत.

गेल्या पावसाळ्यात रानात पाणी साचून राहिलं आणि नव्या घराचा कोपरा खचला. भेग खिडकीपासून निघाली, भिंत चढली आणि स्लॅबमधून थेट कडीपर्यंत गेली. इकडं शिवांजलीला सातवा लागलेला. पहिलं बाळंतपण माहेरचं, आणि निजायची खोली ती एकच. घराच्या विम्याचे पैसे आले तरच ती दुरुस्त होणार होती.

विम्याचा माणूस आला तेव्हा त्याच्या चहासाठी महारुद्र दूध आणायला गेले होते. त्यानं फोटो काढले. कडीकडं बघून विचारलं, “ही कशाला?”

“पाळण्याला. लेक येणार हाय बाळंतपणाला.”

“मग बांधणार का इथं पाळणा?”

“बांधणार की!”

“म्हणजे घराला धोका वाटत नाही?”

आता घरात उभं राहून काय म्हणावं बाईनं? “न्हाय बा. लई लाभली वास्तू आमाला.”

पंधरवड्यानं फोन आला. माती खचल्याचं नुकसान विम्यात बसत नाही, शिवाय घर राहण्याजोगं आहे असं तुमच्या घरच्यांनीच सांगितलंय. महारुद्रांनी फोन ठेवला.

“काय बोललीस तू त्याला?”

बाईंनी सगळं सांगितलं. महारुद्रांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “घरात दुसरं काय बोलणार म्हणा.”

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बाईंना रडू येईना, रागही येईना. मेथी निवडायची राहिली होती, ती त्यांनी निवडली. काड्या भाजीत आणि पानं केरात गेली, तेही ध्यानात आलं नाही.

संध्याकाळी शिवांजलीचा फोन आला. “आई, मंगळवारी येऊ का गं? हे सोडायला येतेत.”

बाई कडीखालीच बसल्या होत्या. त्यांनी दाराशी काढलेल्या चपलांकडं पाहिलं, पण त्या उठल्या नाहीत.

“येऊ नको. बाळंतपण तिकडंच होऊ दे. हे घर पडंल.”

महारुद्रांनी चमकून मान वर केली. पलीकडून लेकीनं हळूच विचारलं, “आई, तू अंगणात हाईस ना?”

“न्हाय बाई,” द्वारकाबाई म्हणाल्या, “घरातच हाय.”