कुलपाजवळची टीप

“झूट हाय हे! सरासर झूट!” हेमंत असा ओरडला की बसस्टँडच्या टपरीवरची भजी कढईतच उलटली आणि परसवाड्याची गाडी वेळेआधी सुटली. मी धावलो. वाटलं, मारामारी. पाहतो तर गडी एकटाच, समोर लॅपटॉप. जगभरातले लोक मिळून बनवतात आणि फुकट वाटतात, अशा एका डेटाबेसच्या कोडशेजारी कुणीतरी टीप लिहून ठेवली होती : ‘इथे येण्याआधीच कुलूप लावलेले असते.’ एकाच नोंदीवर दोघांनी एकदम लिहू नये म्हणून लावतात ते कुलूप. आणि कोड तर तिथं पोचल्यावर स्वतःच ते लावत होता.

“अबे, टीप काय मशीन वाचते का?” मी म्हटलं.

“मशीन नाही वाचत, माणूस वाचते. म्हणून तं माणूसच फसते.”

हेमंत बालाघाटात घरी बसून नागपूरच्या कंपनीचं काम करायचा, आणि उरल्या वेळात हे. कोडला हात लावायचा नाही, फक्त बाजूच्या खोट्या टिपा खऱ्या करायचा. कोड बदलत जातो, टीप बिचारी जुनंच सांगत बसते... मी लग्नाकार्यात सांगायचो, आमच्या हेमंतने एक स्वल्पविराम हलवला आणि अमेरिकेतल्या बँका बुडता बुडता वाचल्या. तो पंगतीतूनच म्हणायचा, “स्वल्पविराम नव्हता, आन् बँकही नव्हती. बाकी खरं हाय.”

कुलपाची दुरुस्ती त्याने पाठवली आणि त्याच आठवड्यात गेला. हार्ट अटॅक. मी लामता गावी होतो, तिथं फोन आला. मिळेल ती गाडी पकडून बालाघाट गाठलं.

तेरवीनंतर हेमंतच्या बायकोने, वहिनींनी, बोलावलं. त्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात. डेटाबेसवाल्यांकडून हेमंतला विचारणा आली होती : ही टीप कधीपासून चुकीची आहे? उत्तर आलं नाही तर दुरुस्ती रद्द होणार होती. त्याचं शेवटचं काम. मी उभ्या उभ्या मजकूर सांगितला : बालाघाटचा वाघ गेला, वैनगंगा थबकली, सातपुडा खाली बसला... वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग हेमंतच्या खुर्चीत बसून दुपारभर कोडच्या जुन्या आवृत्त्या उलगडत राहिल्या. कुलूप लावायचं काम कोणत्या बदलात आत आलं, म्हणजे टीप कधीपासून खोटी झाली, ते सापडलं. तेवढंच लिहून त्यांनी हेमंतच्याच नावानं पाठवलं.

संध्याकाळी उत्तर आलं : ‘दुरुस्ती घेतली. धन्यवाद, हेमंत. पुढच्याची वाट पाहतो.’

माझ्याने राहवलं नाही. “वहिनी, तो गेला हे काहून नाही लिहिलं?”

“त्यांनी ते विचारलं नव्हतं, भाऊजी.”