एका मुलामागे चार खेपा

गावस टीचरांशी माझी ओळख माझ्या गाडीने करून दिली. मुलीला शाळेत सोडताना तिचा डबा द्यायला उतरलो आणि हँडब्रेक लावायचा विसरलो. गाडी माझ्याशिवायच उतारावरून निघाली, उघड्या फाटकातून आत शिरली आणि हात धुवायच्या टाकीला जाऊन टेकली. प्रार्थना सुरू झाली होती, म्हणून अंगण रिकामं होतं. गावस टीचर, म्हणजे मुख्याध्यापिकाबाई, पुढे आल्या.

"पात्रांव, हिलाही पहिलीत घालायची काय?"

खिडक्यांतून पोरं हसली. टीचर हसल्या नाहीत.

पेडण्यातल्या आमच्या गावची ही प्राथमिक शाळा. शाळा भरताना-सुटताना टीचर फाटकात उभ्या राहत आणि येणाऱ्या वाहनांकडे ताप वाढत चाललेल्या माणसाकडे बघावं तसं बघत. "एका मुलामागे गाडीच्या चार खेपा," त्या म्हणत. "सकाळी येते, जाते. दुपारी परत येते, परत जाते. आणि सगळ्यांना एकाच घंटेला पोचायचं असतं."

शाळेचं फाटक मागच्या अरुंद गल्लीत होतं, म्हणून आमच्या पालक समितीने विमानतळाकडे, मोपाला जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर नवं फाटक काढायचं ठरवलं. परवानगीआधी पणजीहून माणसं वाहनं मोजायला येणार होती; शाळेपाशी फार गाड्या दिसल्या तर ती मिळणार नव्हती. अध्यक्षांनी आदल्या दिवशी घरोघर निरोप धाडला, "उद्या कोणी गाडी काढू नका हां." पाहुणे यायचे म्हणून अंगण सारवावं, तसा आम्ही रस्ता साफ केला. सगळे बाप दप्तरं खांद्यावर घेऊन चालत आले. सर्वांत जास्त धापा माझ्या. मोजणाऱ्यांनी थोड्या स्कूटर लिहून घेतल्या, चहा-पाव खाल्ला आणि निघाले.

टीचर त्यांच्या मागे गेल्या. "आजचा दिवस खोटा आहे. उद्या न सांगता या."

"एकाच दिवसाची मोजणी सांगितलीय, टीचर," म्हणत त्यांनी जीप सुरू केली.

परवानगी आली. समितीच्या बैठकीत टीचर म्हणाल्या, "फाटक मागेच असू दे. गल्लीत गाडी अडकते, म्हणून पोर वाचतं."

अध्यक्ष हसले. "टीचर, तुमकां कित्याक इतकी भीती?"

"मला ती सकाळ दिसते रे. पाऊस पडतोय, सगळ्यांना उशीर झालाय, विमान गाठायला निघालेला कोणी मागून हॉर्न मारतोय, आणि विसरलेल्या छत्रीसाठी एक पोर दोन गाड्यांमधून मागे वळलंय."

ठराव मात्र मंजूर झाला.

निवृत्ती जवळ आली असतानाच टीचरांनी राजीनामा दिला आणि साखळीला बहिणीकडे राहायला निघाल्या. निरोप द्यायला गेलो तर एवढंच म्हणाल्या, "चालताना पोरीला गाड्यांच्या बाजूला ठेवू नका."

सोमवारी नवं फाटक उघडायचं होतं. रविवारी जेवताना मी जाहीर केलं, "उद्यापासून गाडी बंद. मी हिला चालत नेणार."

बायको मुलीच्या भातावर माशांचं हुमण वाढत होती. ती म्हणाली, "न्या की. पण बाकीच्यांच्या गाड्या येणारच आहेत. त्यांच्यामधून चालणारी तेवढी आपली पोर असेल."